उंच आकाशाची नोंदवही

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लिखित रूप)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी मला विषयाचे बंधन घातले नाही. ‘सभासदांना कळेल असे बोला,’ एवढी एकच अट घातली. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला याहून अवघड अट घालता येणार नाही. विद्यार्थ्यांना परीक्षेची धास्ती असते, म्हणून ते न कळलेलेही ऐकून घेतात. आपण ऐकणार नाही. तेव्हा उंच आकाशाचा शोध घेणाऱ्या प्रचंड रडारांविषयी बोलायचे ठरवले असले, तरी सुरुवात मी आमच्या रामबागेतील घरातल्या एका फळीपासून करणार आहे.

त्या फळीवर आमचा व्हॉल्वचा रेडिओ असे. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, एका कापड गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजून किती मिनिटांनी आला हे लिहिण्यात त्यांचा दिवस जाई, आणि ही सवय गिरणीच्या फाटकाशी थांबत नसे. घरात दुधाची नोंद, नळाला पाणी किती वाजता आले त्याची नोंद, आणि रेडिओचीही नोंद. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले होते. पण त्या काळी नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली होती. एका मराठी विद्वानाच्या शुद्ध अभिरुचीमुळे साऱ्या हिंदुस्थानचे कान सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज लागला, की आमच्या ओटीवर शेजारची पाचपंचवीस माणसे जमत.

नाना गाणी ऐकत की नाही, याची मला शंका आहे. ते वहीत लिहीत. तारीख, वेळ, मीटर, आणि शेवटच्या रकान्यात एक खूण : आवाज स्वच्छ आला तर ‘स्व’, खरखर असेल तर ‘ख’, काहीच न लागल्यास ‘ना’. आणखी एक चौथी खूण होती, ‘थ’. थ म्हणजे थरथर. आवाज मोठा असे, पण पाण्याखालून आल्यासारखा कापत असे. लताबाईंचा स्वर लागोपाठ भरे आणि ओसरे. आजीचे म्हणणे, हा कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीचा दोष. नानांचे मत, कोलंबोला समुद्रावर वारा सुटत असणार. चक्की रात्री बंद असते, हे आजीला कोणी सांगितले नाही. मी दहा वर्षांचा होतो. मला दोन्ही कारणे पटत.

आता खरे कारण पाहू. कोलंबोपासून इंदूर सुमारे अठराशे किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने सरळ रेषेत जाणारी रेडिओलहर इतक्या दूर पोहोचण्याऐवजी वर अवकाशात निघून जायला हवी. मार्कोनीने १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिक महासागराच्या पलीकडे संदेश पोहोचवला, तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे तर्क मांडला, की फार उंचावर विद्युत्‌भारित हवेचा एक थर असला पाहिजे आणि तो लहरींना आरशासारखा परतवत असला पाहिजे. सूर्याचे अतिनील किरण उंचावरच्या विरळ हवेतील अणूंचे इलेक्ट्रॉन सोडवतात. त्यातून हा थर तयार होतो. त्याला आपण आयनांबर म्हणतो. ॲपलटनने १९२४-२५ मध्ये त्याचा पुरावा दिला. अमेरिकेत ब्राइट आणि ट्यूव्ह यांनी १९२५ मध्ये लहरींचे छोटे छोटे ठोके वर सोडले, परत यायला किती वेळ लागतो ते मोजले आणि त्यावरून उंची काढली. ‘रडार’ हा शब्द त्यानंतर पंधरा वर्षांनी आला. म्हणजे शत्रूची विमाने शोधण्याआधी रडारने आकाशच शोधले होते, आणि आज मी ज्याविषयी बोलत आहे ते रडारचे माहेर आहे.

या आरशाची एक अडचण मात्र आहे. आरसा आपली पुढची बाजू दाखवतो. त्याच्या आत आणि मागे काय आहे ते दाखवत नाही. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची दाटी साधारण तीनशे किलोमीटरांवर सर्वाधिक असते. खालून सोडलेली लहर त्या दाटीपर्यंतच्या थरांची माहिती आणते, वरचे झाकलेलेच राहते. शिवाय वरच्या हवेत प्रत्यक्ष जाऊन पाहणेही सोपे नाही. हवामान खात्याचे फुगे तीस-पस्तीस किलोमीटरांपर्यंत जातात आणि फुटतात. उपग्रह दीडशे किलोमीटरांच्या खाली टिकत नाही. हवेच्या घर्षणाने तो जळून जातो. मधला पट्टा अग्निबाणाला गाठता येतो, पण अग्निबाण दोन-चार मिनिटांत त्यातून पार होतो. एखाद्या गावाविषयी आगगाडीच्या खिडकीतून मत बनवावे तसा हा प्रकार. स्थितांबर संपते तेथपासून, म्हणजे पन्नास किलोमीटरांपासून, शंभर-दीडशे किलोमीटरांपर्यंतच्या या हवेला काही शास्त्रज्ञ थट्टेने अज्ञानावरण म्हणत आले आहेत.

१९५८ मध्ये विल्यम गॉर्डन या अमेरिकन प्राध्यापकाच्या मनात एक विचार आला. ज्या लहरी आयनांबर भेदून आरपार जातात, त्याही पूर्णपणे निसटत नसणार. वाटेतला प्रत्येक इलेक्ट्रॉन त्यांचा अतिसूक्ष्म अंश इकडेतिकडे उधळत असणार. जुन्या घरांत कौलातून कवडसा येई आणि त्यात धुळीचे कण चमकताना दिसत, तसेच हे. पण चमक किती? दुपारच्या वेळी त्या थरात एका घनमीटरमध्ये सुमारे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतात. दहा घनकिलोमीटर हवेतील सगळे जमेस धरले, तरी लहर परतवणारे त्यांचे एकूण क्षेत्रफळ मोहरीच्या एका दाण्याएवढेही भरत नाही. तीनशे किलोमीटरांवरची मोहरी पाहायची तर दिवाही प्रचंड हवा आणि डोळाही. त्या हिशेबाने गॉर्डन यांनी प्युअर्टो रिको बेटावरील अरेसिबो येथे एका नैसर्गिक खळग्यात ३०५ मीटर व्यासाची ताटली बांधवली. १९६३ मध्ये ती सुरू झाली. गंमत अशी, की प्रतिध्वनी गॉर्डन यांच्या अंदाजापेक्षा कमी पसरट निघाला, म्हणजे त्याहून बऱ्याच लहान ताटलीनेही हे काम भागले असते. पण ताटली मोठी झाली म्हणून पुढे खगोलशास्त्रज्ञांचे फावले. हिशेबातल्या चुकीने एवढे कल्याण क्वचितच होते.

याच सुमारास, १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लिमा शहराजवळ हिकामार्का येथे अठरा हजारांहून अधिक दांड्यांच्या अँटेनांचे मैदान उभे राहिले. जागा मुद्दाम निवडली होती. तेथून चुंबकीय विषुववृत्त जाते. भारतात हेच चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण किनाऱ्याजवळून जाते आणि म्हणूनच थुंब्याला अग्निबाणांचे केंद्र झाले. ती जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंचे सहकारी म्हणून एकनाथ चिटणीस हे कोल्हापूरचे गृहस्थ होते. शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये ते पुण्यात निवर्तले. पहिला अग्निबाण थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला.

हिकामार्काने आणखी एक गोष्ट दाखवली. वुडमन आणि गिलेन या तेथील संशोधकांनी १९७४ मध्ये असे सिद्ध केले, की प्रबळ रडारला इलेक्ट्रॉनांच्या थराखालच्या साध्या, स्वच्छ, ढगविरहित हवेतूनही प्रतिध्वनी मिळतात. हवा कधीच पूर्ण शांत नसते. तिच्यात लहानमोठे भोवरे असतात, आणि भोवऱ्यातील हवेची घनता व ओलावा शेजारच्या हवेपेक्षा किंचित वेगळा असतो. रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्या मापाचे भोवरे त्या लहरीला परत पाठवतात. भोवरा वाऱ्याबरोबर वाहत असतो, म्हणून परतणाऱ्या लहरीची कंप्रता किंचित बदललेली असते; आगगाडी जवळ येताना शिट्टी बारीक आणि दूर जाताना जाड ऐकू येते तशी. त्या बदलावरून वाऱ्याचा वेग निघतो. जमिनीवर बसून, काहीही वर न पाठवता, वीस किलोमीटर उंचीवरचा वारा मिनिटामिनिटाला मोजता येतो.

या तत्त्वावरचे भारतातील मोठे रडार आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळ गादंकी या खेड्यात आहे. ते १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्याची जुळणी आणि उभारणी केली ती मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने. पवईच्या आय.आय.टी.च्या आवारातील ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सूक्ष्मलहरींच्या एका विभागातून वाढली आणि १९८४ मध्ये स्वतंत्र झाली. मुंबईच्या लोकांना पवई म्हटले की तलाव आठवतो. मला गादंकी आठवते.

मी तेथे १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. टेकड्यांच्या कुशीत १३० मीटर लांब आणि तितकेच रुंद मैदान, आणि त्यात बत्तीस ओळींमध्ये प्रत्येकी बत्तीस, अशा १०२४ अँटेना. दूरदर्शन आले तेव्हा इंदूरच्या गच्च्यांवर जो दांड्यांचा सांगाडा दिसू लागला, त्याचीच ही भावंडे. फक्त येथे सगळ्यांनी तोंड वर केलेले. रडारची कंप्रता ५३ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साडेपाच मीटरांहून थोडी अधिक. तेव्हा भोवरे दिसतात ते सुमारे तीन मीटरांचे. ठोक्याच्या क्षणी सगळ्यांची मिळून शक्ती अडीच मेगावॅट, म्हणजे पंचवीस लाख वॅट. अँटेना जागच्या हलत नाहीत. त्यांना मिळणाऱ्या लहरी किंचित मागेपुढे केल्या, की शलाका हवी तिकडे कलते. लेझीम खेळणाऱ्यांची रांग जागेवरून न हलता लय पुढे-मागे करून लाट फिरवते, तसे.

अशा रडारांनी पाऊस बिघडतो, डोकी दुखतात, असे बोलणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. म्हणून एक हिशेब सांगून ठेवतो. त्या मैदानावर भर दुपारी जे ऊन पडते, त्याची शक्ती सुमारे दीड कोटी वॅट असते, आणि ते सतत पडत असते. रडारचे पंचवीस लाख क्षणभराचे. सरासरी काढली तर साठ-पासष्ट हजार वॅटच भरते. आकाशाला उन्हाने काही होत नसेल, तर रडारने काय होणार?

पण परत येणारे किती असते, हे पाहिले की मन थक्क होते. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाचा हजारांशही पुरा लागत नाही. आणि पाठवलेल्या शक्तीच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कमी भाग हाती येतो. त्या कंप्रतेवर आकाशगंगेचाही स्वतःचा एक अखंड आवाज असतो, आणि उंचावरचा प्रतिध्वनी त्यात बुडालेला असतो. मग हजारो ठोके सोडायचे, सगळ्यांच्या उत्तरांची बेरीज करायची. आकाशगंगेचा आवाज बेशिस्त असल्याने तो बेरजेत आपापसांत खूपसा विरतो, आणि प्रतिध्वनी मात्र शिस्तीने एकमेकांवर चढत जाऊन वर निघतो. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर एकावर एक आडव्या रेघा होत्या, प्रत्येक उंचीची एक. बहुतेक रेघा नुसत्या काटेरी. काहींवर मध्येच एक लहानसा उंचवटा. ‘तो वारा,’ आम्हाला माहिती देणारा तरुण शास्त्रज्ञ म्हणाला. विद्यार्थ्यांची निराशा मला दिसत होती. त्यांना काहीतरी गरगर फिरणारे पाहायचे होते.

रात्री मात्र त्याने आम्हाला जुन्या नोंदींचे एक चित्र दाखवले. मार्च महिन्यातील एका संध्याकाळचे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर उंची. सूर्यास्तानंतर तासाभराने अडीचशे किलोमीटरांवर एक डाग उमटतो आणि पाहता पाहता धुराच्या लोटासारखा वर चढत जातो. सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग लवकर विरळ होतो. तेथील इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांना मिळतात. वरचा दाट थर तसाच राहतो. खाली हलके, वर जड, अशी ती स्थिती. तेलावर पाणी ओतल्यावर तेल थेंबाथेंबाने वर यावे, तसे खालच्या विरळ भागाचे बुडबुडे दाट थरातून वर उठतात. त्यांच्या कडेने असंख्य बारीक सुरकुत्या पडतात आणि गादंकीला त्यांचा प्रतिध्वनी मिळतो. सूर्यावरील डागांची संख्या वाढते त्या वर्षांत, आणि विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या संपातांच्या महिन्यांत, हे बुडबुडे आपल्याकडे अधिक. त्यांतून जाणारी किंवा त्यांवरून परतणारी रेडिओलहर कापू लागते.

थरथरू लागते, असे मी मनात म्हटले, आणि त्या क्षणी मला नानांची वही आठवली.

मी त्याला सिलोनचे, बुधवारचे आणि ‘थ’चे सगळे सांगितले. त्याने भिंतीवरच्या नकाशावर कोलंबो आणि इंदूर यांना पट्टी लावली आणि मध्यावर बोट ठेवले. आमच्या ओटीवर येणारे गाणे जेथे आकाशाला लागून खाली वळत होते, ती जागा अनंतपूरच्या आसपास येत होती. आम्ही उभे होतो तेथून दोनेकशे किलोमीटर. त्याने विचारले, ‘वह्या किती वर्षांच्या आहेत?’ मी म्हणालो, ‘छप्पन्न ते सदुसष्ट.’ तो खुर्चीवरून उठलाच. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष; सूर्यावरील डागांचे त्यावेळचे शिखर आजवरच्या नोंदींतील सर्वांत उंच. तेथून १९६४ च्या तळापर्यंत उतरून पुन्हा चढणारी अख्खी लाट त्या वह्यांत सापडायला हवी होती, तीही एकाच माणसाच्या कानाने, एकाच रेडिओवर, ठरल्या वेळी टिपलेली. ‘वह्या कुठे आहेत?’ त्याने विचारले.

श्रोतेहो, वह्या मी रद्दीत घातल्या होत्या. नाना गेल्यानंतर, १९८३ च्या दिवाळीपूर्वी घराला रंग देताना. मी तेव्हा पदार्थविज्ञानाचा अध्यापक होतो, आयनांबराचा धडा दरवर्षी शिकवत होतो, आणि त्या बारा वह्यांपैकी एकही मी उघडून पाहिली नव्हती. रद्दीवाल्याने त्या वर्तमानपत्रांपेक्षा कमी भावाने घेतल्या, कारण वहीचा कागद पुड्यांना चालत नाही, असे तो म्हणाला. त्यांचे मोल मी उगाच फुगवून सांगत नाही. अहमदाबाद, कोडईकनाल येथे त्या वर्षांत आयनांबराची शास्त्रीय यंत्रे चालू होती. नानांच्या चार खुणा त्यांची जागा घेऊ शकल्या नसत्या. पण गेलेल्या संध्याकाळचे आकाश पुन्हा मोजता येत नाही. तेवढे त्या तरुणाच्या चेहऱ्यावर मला वाचता आले.

गादंकीहून परतल्यावर मी या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो. कोल्हापूरकरांना ठाऊक नसेल, पण शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ मध्ये एक रडार उभारले. गादंकीच्या मानाने ते दुबळे. शक्ती पंचवीस हजार वॅट, कंप्रता जवळजवळ दोन मेगाहर्ट्झ. पण ते ज्या उंचीवर डोळा ठेवून होते, ती सत्तर ते शंभर किलोमीटरांची, म्हणजे नेमकी अज्ञानावरणातली. त्याची रीत मला फार आवडते. झाडाखाली उभे राहिले, तर अंगणात पानांतून पडलेल्या उन्हाची नक्षी हलताना दिसते. नक्षी कोणत्या बाजूला सरकते त्यावरून वर वारा कसा आहे ते न पाहता सांगता येते. आकाशातून परतलेल्या लहरींचीही जमिनीवर अशी नक्षी पडते. त्रिकोणात ठेवलेल्या तीन अँटेना ती कोणत्या क्रमाने आपल्यावरून सरकली हे टिपतात. ही युक्ती एस. एन. मित्र या भारतीय संशोधकाने केंब्रिजमध्ये १९४९ मध्ये मांडली होती. नक्षी वाऱ्याच्या दुप्पट वेगाने सरकते, एवढे लक्षात ठेवले की हिशेब सुटतो.

तेथे जे वारे दिसतात त्यांचा उगम पुष्कळदा आपल्या पावलांजवळ असतो. वळवाचा ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच चढतो, तेव्हा भोवतालच्या हवेत लाटा उठतात आणि वर जातात. वर हवा विरळ होत जाते, तसा लाटेचा झोल वाढतो. आसुडाची मूठ जरा हलवली तरी टोक कडाडते, त्यातलाच हा प्रकार. ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर या लाटा फुटतात आणि तेथील वाऱ्यांची दिशा बदलून टाकतात. माळव्यात ज्येष्ठात गडगडलेल्या ढगाचा हिशेब असा पृथ्वीच्या माथ्यावर चुकता होतो.

इंदूरकरांनी आपल्या डोक्यावरच्या आकाशाविषयी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा आयनांबर वर उचलले जाते आणि मग पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेस व दक्षिणेस उतरते. कारंज्याचे पाणी मध्यातून उसळून कडेला पडावे, तसे. कडेला, म्हणजे जेथे ते साचते तेथे, इलेक्ट्रॉनांची दाटी विषुववृत्तापेक्षाही अधिक असते. ही विसंगती ॲपलटनच्या लक्षात आली आणि १९४६ मध्येच कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनी तिचा संबंध पृथ्वीच्या चुंबकत्वाशी लावून दाखवला. (हे मित्र आणि आधीचे मित्र निरनिराळे.) त्या कारंज्याची उत्तरेकडची कड गुजरात, माळवा, बंगाल या पट्ट्यावर पडते. विमाने आणि मोटारी ज्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखतात, त्यांच्या लहरींना सर्वांत जास्त हेलकावे बसतात ते याच पट्ट्यात. म्हणून आपल्या गावाबाहेर, सिमरोळच्या आय.आय.टी.त, उपग्रहांच्या लहरी टिपणारा संग्राहक ठेवून संशोधक याच आकाशाचा अभ्यास करत आले आहेत. आमच्या ओटीवरची थरथर अशी आता विमानतळाच्या कामाची गोष्ट झाली आहे.

रडारांच्याही आधी, उंच आकाशाची नोंद आपल्याकडे एका साध्या लोंबत्या चुंबकसुईने ठेवली, आणि तिच्याशी मराठी माणसांचा जुना संबंध आहे. मुंबईला कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढली. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तेथे चुंबकीय वेध घेणे सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचे काम पाहत होते, केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी तेथे नोकरीला होते. सुई दिवसभरात किंचित डोलते, ती का, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. उंचावरच्या हवेत विद्युत्‌प्रवाह वाहत असावेत, हा तर्क बॅल्फोर स्टुअर्टने १८८२ मध्ये मांडला. तोवर कुलाब्याचे कारकून चार दशके कारण न कळता आकडे लिहीत होते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनने सूर्यावर एक लखलखाट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर नोंदवलेले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. अनेक वेधशाळांच्या यंत्रांच्या मर्यादेपलीकडे सुया गेल्या. कुलाब्याच्या नोंदवहीत मात्र आकडे होते : सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांची घसरण. २००३ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी ते आकडे पुन्हा काढून तपासले, आणि असे वादळ किती मोठे असू शकते याचे जगातले एक मोजमाप त्यांतून मिळाले. १० मे २०२४ रोजी जे वादळ आले आणि ज्यामुळे लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला, त्यातील घसरण, मोजण्याची रीत थोडी वेगळी असली तरी, चारशेच्या आसपास होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर सुयांना त्रास होईल, हे ओळखून नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. नुसती नेली नाही, तर दोन्हीकडे दोन वर्षे एकदम वेध घेतले, म्हणजे साखळीची कडी तुटू नये. अलिबागच्या सुया आजही डोलत आहेत.

अरेसिबोची ताटली १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. तारा तुटल्या, वरचा नऊशे टनांचा सांगाडा तिच्यावर पडला. गादंकीच्या रडारला त्यापूर्वी नवे रूप मिळाले होते. जुन्या बत्तीस मोठ्या प्रेषकांऐवजी आता १०२४ अँटेनांपैकी प्रत्येकीला स्वतःचा छोटा प्रेषक आहे, एखादा बिघडला तरी बाकीचे काम करतात. तेथील संस्थेला २००५ पासून राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळा म्हणतात. मला नंतर जाणे झाले नाही.

एक सांगायचे राहिले. बारा वह्या, असे मी मघाशी म्हणालो. रद्दीत अकराच गेल्या. बारावी माझ्या बहिणीने लग्नानंतर देवासला नेली होती, कारण तिच्या मागच्या पानांवर आजीने लोणच्याची प्रमाणे लिहून ठेवली होती. गेल्या वर्षी बहिणीच्या सुनेने माळा आवरताना ती मला आणून दिली. १९५८ ची आहे. कैरीच्या तेलाचे डाग पडले आहेत, पण शाई फिटलेली नाही. मार्चचे बुधवार वाचतो : ५ मार्च, थ. १२ मार्च, थ. १९ मार्च, ना. २६ मार्च, थ; आणि पुढे नानांच्या बारीक अक्षरात, ‘कोलंबोस वारा फार.’ मग जून : ४ जून, स्व. ११ जून, स्व. १८ जून, ख. पुढे ‘येथे पाऊस.’

वहीची छायाप्रत मी काढून घेतली आहे. मूळ वही आज ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो. दाखलनोंद करताना तिचा विषय संगीत लिहावा, विज्ञान लिहावा की पाकशास्त्र, ते त्यांनी ठरवावे.